उमेदवाराचा चहा, पक्षाचे हेलिकॉप्टर

निवडणुकीच्या धामधुमीत जिल्हाधिकारी कचेरीत एक खोली अशी असते, की जिच्याकडे ना वार्ताहर फिरकतात ना कार्यकर्ते. दारावर 'निवडणूक खर्च संनियंत्रण कक्ष' अशी कागदी पाटी चिकटवलेली असते. आत दोन-तीन टेबले, एक संगणक, सभांच्या चित्रफिती पाहत बसलेले कर्मचारी आणि बाहेरच्या राज्यातून आलेला एखादा खर्च निरीक्षक. भिंतीवर दरपत्रक असते. चहा एक कप इतके रुपये, नाश्ता इतके, प्लास्टिकची खुर्ची इतके, मंडप चौरस फुटाला इतके, हार लहान, हार मोठा, फेटा, उपरणे, ढोल-ताशा, ध्वनिक्षेपक, जीप. काल संध्याकाळच्या सभेची चित्रफीत लावायची, खुर्च्या मोजायच्या, हार मोजायचे, दरपत्रकाने गुणायचे आणि आकडा वहीत चढवायचा. उमेदवाराचा माणूस आपली वही घेऊन आला, की दोन्ही वह्या ताडून पाहायच्या. प्रचाराच्या काळात निदान तीन वेळा ही तपासणी होते.

अशा एका खोलीत तास-दीड तास बसण्याचा योग आला होता. एका अपक्ष उमेदवाराचा पुतण्या वही घेऊन आला होता. वाद चालला होता तो चाळीस कप चहावरून. सरकारी वहीत शंभर कप होते, पुतण्याच्या वहीत साठ. 'साहेब, उरलेला चहा गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने पाजला हो,' असे तो काकुळतीला येऊन सांगत होता आणि कर्मचारी अगदी शांतपणे 'तसे लेखी द्या' म्हणत होता. एवढ्यात कचेरीच्या छपरावरून घरघर करत एक हेलिकॉप्टर गेले. कुठल्याशा पक्षाचे बडे नेते सभेला चालले होते. खोलीतल्या सगळ्यांनी क्षणभर माना वर केल्या. मग माना खाली आल्या आणि पुन्हा चाळीस कप चहाचा विषय सुरू झाला.

त्या हेलिकॉप्टरचे भाडे त्या खोलीतल्या कुठल्याच वहीत चढणार नव्हते. कारण कायद्याने ते उमेदवाराच्या खर्चात धरायचेच नसते. मान्यताप्राप्त पक्षाला आपले चाळीस 'स्टार प्रचारक' जाहीर करता येतात आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च पक्षाच्या नावावर जातो. उमेदवार स्वतःच त्या हेलिकॉप्टरमध्ये चढून बसला तर मात्र निम्मा खर्च त्याच्या माथी येतो. म्हणून शहाणा उमेदवार जमिनीवरून जातो. बरे, पक्षाच्या नावावर म्हणजे किती? कितीही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख (गोव्यासारख्या लहान राज्यात २८ लाख) अशी खर्चाची मर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाने किती खर्च करावा, याला मात्र आपल्या देशात मर्यादाच नाही. एका घरात मुलाच्या खाऊच्या पैशांचा हिशेब रोज रात्री घ्यायचा आणि बापाने तिजोरी उघडी टाकून हिंडायचे, असा हा प्रकार आहे.

निवडणुकीतील पैशाविषयी आपण वर्षानुवर्षे हळहळत आलो आहोत. 'कायदे आहेत हो, पण अंमलबजावणी नाही' हे वाक्य तर चहाच्या टपरीपासून परिसंवादापर्यंत सगळीकडे ऐकू येते. पण ते अर्धेच खरे आहे. अंमलबजावणी होते, पण ती माणसावर होते, पक्षावर होत नाही. आणि गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ज्या ज्या वेळी कायद्याचा हात एखाद्या पक्षाच्या गल्ल्यापर्यंत पोचला, त्या त्या वेळी हात मागे घेतला गेला नाही. गल्लाच पुढे सरकवला गेला. म्हणजे कायदाच बदलला गेला.

छागलांचा इशारा

या गोष्टीची सुरुवात मुंबईत होते. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करून हवा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नव्हती, तेव्हा छागलांना परवानगी द्यावी लागली. पण निकालपत्रात त्यांनी एक इशारा देऊन ठेवला. कंपन्यांचा पैसा राजकारणात येण्याची ही वाट धोक्याची आहे, हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल, तेव्हा संसदेने वेळीच लक्ष घालावे, असा त्याचा आशय होता.

संसदेने लक्ष घातले ते बारा वर्षांनी. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. पण पक्षांना पैसा कुठून मिळावा, याची काहीच सोय केली गेली नाही. पैसा थांबला नाहीच. फक्त धनादेशाच्या जागी ब्रीफकेस आली. जे उघड होते ते टेबलाखाली गेले. १९८५ मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगीला मुभा मिळाली. पण मधल्या सोळा वर्षांत लागलेली सवय एका दुरुस्तीने जाणार नव्हती.

सोळा दिवसांतला चमत्कार

दुसरा प्रसंग दिल्लीचा. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. जनसंघाचे पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. चावलांनी मर्यादेपेक्षा अधिक खर्च केला, असे त्यांचे म्हणणे होते. चावलांचा बचाव सोपा होता : जादा खर्च पक्षाने केला, मी नाही. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी लिहिलेल्या त्या निकालाचे सार असे, की उमेदवाराच्या संमतीने, त्याच्या डोळ्यांदेखत पक्ष त्याच्यासाठी पैसा ओतत असेल तर तो उमेदवाराचाच खर्च होय. नाहीतर मर्यादेला अर्थ काय? श्रीमंत पक्षाचा उमेदवार आणि फाटक्या खिशाचा उमेदवार यांच्यात मग बरोबरी कशी व्हायची? चावलांची निवडणूक रद्द झाली.

साध्या माणसाला पटेल असा हा निकाल होता. पण तो टिकला किती? सोळा दिवस. १९ ऑक्टोबर १९७४ रोजी वटहुकूम निघाला आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाला एक 'स्पष्टीकरण' जोडण्यात आले : पक्षाने किंवा अन्य कोणी केलेला खर्च उमेदवाराचा खर्च मानला जाणार नाही. आणि हे पूर्वलक्षी प्रभावाने! चावलांची जागा गेली ती गेली, पण बाकीच्या सर्वांच्या जागा सुरक्षित झाल्या. त्या वेळी रायबरेलीच्या निवडणुकीवरचा खटला अलाहाबाद उच्च न्यायालयात चालू होता आणि त्यातही खर्चाचा मुद्दा होता, हे विसरून चालणार नाही. १२ जून १९७५ ला तो निकाल इंदिरा गांधींच्या विरुद्ध गेला खरा, पण अन्य कारणांवरून. खर्चाच्या मुद्द्यावर नव्हे.

इथे एकट्या काँग्रेसकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा मोह होतो. पण १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला, त्यात जनसंघही होता. ज्यांच्या उमेदवाराने हा खटला जिंकला होता, त्यांच्या हाती सरकार आले. 'स्पष्टीकरण' मात्र जागच्या जागी राहिले. ते त्या रूपात २००३ पर्यंत टिकले. २००३ ला त्याची व्याप्ती नेत्यांच्या प्रवासापुरती आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारापुरती आणली गेली. म्हणजे दार बंद करून खिडकी उघडी ठेवली. आमच्या कचेरीवरून गेलेले हेलिकॉप्टर त्याच खिडकीतून आत येते.

महाराष्ट्रालाही या स्पष्टीकरणाची ओळख आहे. नगर मतदारसंघातल्या १९९१ च्या निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात झालेला खटला अनेकांना आठवत असेल. तो गाजला वेगळ्या आरोपांनी. पण १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता खर्चाच्या कायद्यावरही बोट ठेवले. मर्यादा केवळ उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्ष आणि इतरेजन मात्र जाळ्याबाहेर सुखरूप आहेत, तेव्हा हा कायदा वस्तुस्थितीला पुरा पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. बोट ठेवले गेले. जखम तशीच राहिली.

पाच हजार तीनशे एकोणऐंशी रुपये

मग माणसावर तरी कायदा नीट चालतो का? त्याचीही दोन उदाहरणे घरचीच आहेत.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने मराठी वृत्तपत्रांत छापून आली. चव्हाणांनी भोकर मतदारसंघाच्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींवरचा खर्च दाखवला तो ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणले आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी गेला. चव्हाणांचे म्हणणे असे, की आपण त्या मजकुरासाठी पैसे दिलेले नाहीत. तक्रारी झाल्या. हिशेब खरा की खोटा हे पाहण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे की नाही, यावरच वर्षे गेली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. जुलैत आयोगाने हिशेब योग्य रीतीने दाखल केला नसल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती. खटल्याला पाच वर्षे लागली आणि आमदारकीचीही पाचच वर्षे असतात, हा हिशेब कुणाच्या लक्षात आला असेल का?

दुसरे उदाहरण गोपीनाथ मुंडे यांचे. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात ते बोलून गेले, की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला खर्च आठ कोटी रुपये झाला. मर्यादा होती पंचवीस लाखांची. आयोगाने नोटीस काढली. खासदारकी काही गेली नाही. त्या बोलण्यात नवे असे काहीच नव्हते. नवे होते ते एवढेच, की सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ध्वनिक्षेपकावरून बोलली गेली. सभागृहातल्या कुणालाही त्या आकड्याचा धक्का बसला नाही. धक्का बसला तो प्रांजळपणाचा.

माणूस पकडला गेल्याची उदाहरणे आहेत, नाही असे नाही. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च लपवल्यावरून ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. हिशेबच न देणाऱ्या कितीतरी किरकोळ उमेदवारांना दर निवडणुकीनंतर हीच शिक्षा होते. त्यांची यादी वाचली तर त्यात बहुतेक अपक्ष आणि अनामत गमावलेले भेटतात. म्हणजे चाळीस कप चहावाले.

हिशेब मागायचा कुणी?

पक्षांकडे हिशेब मागायचाच नाही, असे आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. उलट, १९७९ पासून प्राप्तिकर कायद्यात पक्षांना करमाफी आहे ती एका अटीवर : हिशेब ठेवा, लेखापरीक्षण करून घ्या, विवरणपत्र भरा. त्यानंतर सतरा वर्षे काय झाले? १९९६ मध्ये एच. डी. शौरी यांच्या 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की पक्षांनी वर्षानुवर्षे विवरणपत्रेच भरलेली नाहीत आणि प्राप्तिकर खात्यानेही ती मागितलेली नाहीत. पगारदार माणसाचे विवरणपत्र महिनाभर लांबले तर दंडाची नोटीस घरी येते. इथे सतरा वर्षे कुणी दार ठोठावले नव्हते. त्या निकालानंतर पक्षांना निवडणूक खर्चाचे विवरण आयोगाला द्यावे लागू लागले : विधानसभेनंतर ७५ दिवसांत, लोकसभेनंतर ९० दिवसांत. २००३ पासून वीस हजारांवरच्या देणग्यांची यादीही द्यावी लागते. यादी न दिल्यास शिक्षा काय? करमाफी जाणे, एवढीच. आणि वीस हजारांच्या आत कितीही लोकांनी कितीही वेळा दिले, तरी नावे सांगण्याची गरज नाही.

३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकार कायद्याखाली येतात, असा निर्णय दिला. काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी, बसप. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या या पक्षांचे इथे मात्र एकमत झाले : कुणीच आदेश पाळला नाही. मार्च २०१५ मध्ये माहिती आयोगाने हात टेकले. निर्णय कायम आहे, पण तो अमलात आणण्याचे साधन आपल्यापाशी नाही, अशी त्याची कबुली होती.

पुन्हा एकदा मागची तारीख

आता तिसरा प्रसंग, जो माझ्या मते सर्वांत बोलका आहे. १९७६ च्या विदेशी देणगी नियमन कायद्याने पक्षांना परकीय पैसा घेण्यास बंदी होती. ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल परदेशी हाती आहे, तिचा पैसाही परकीयच. लंडनच्या वेदांत समूहातील स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांकडून, आणि यांतल्या सेसाचे नाव गोव्यातल्या खाणींमुळे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे, काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही देणग्या घेतल्या होत्या. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की दोन्ही पक्षांनी कायदा मोडला आहे. सरकारने आणि निवडणूक आयोगाने सहा महिन्यांत कारवाई करावी.

देशातले दोन सर्वांत मोठे पक्ष, एकाच निकालात, एकाच कायद्याखाली दोषी. ही संधी होती. पुढे काय झाले? २०१६ च्या वित्त विधेयकात 'परकीय' या शब्दाची व्याख्याच बदलण्यात आली, तीही २०१० पासून. पण २०१० पूर्वीच्या देणग्यांसाठी १९७६ चाच कायदा लागू होता, मेख राहिलीच. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात तारीख आणखी मागे नेली, थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत. त्या वर्षी लोकसभेत वित्त विधेयक गदारोळात, चर्चेविना संमत झाले. ज्या गोष्टीवरून एरवी सभागृह दणाणून जावे, ती गोष्ट सभागृहाच्या गोंगाटात बुडून गेली. १९७४ मध्ये सोळा दिवस लागले होते, इथे चार वर्षे लागली. पण रीत तीच. गुन्हा झाला होता, तो झालाच नव्हता असे ठरले. कुंपणच शेत खाते म्हणतात. इथे कुंपणाने सात-बारासुद्धा आपल्या नावावर करून घेतला.

निवडणूक रोख्यांची कहाणी ताजी आहे, म्हणून थोडक्यात. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली आणि देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे रोखे आणले. २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात स्टेट बँकेने १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि कंपन्यांची मर्यादा उठवणारी दुरुस्तीही रद्द केली. नावे जाहीर करायला बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सर्वाधिक पैसा भाजपला, पण तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती यांचेही आकडे काही लहान नव्हते. घेणाऱ्यांतल्या एकालाही एक रुपया परत करावा लागला नाही. पैसे जप्त करण्याची आणि विशेष तपास पथकाची मागणी न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली. घटनाबाह्य मार्गाने आलेला पैसा घटनात्मक निवडणुकीत खर्च होऊन गेला.

जिथे पक्षाच्या खिशाला हात लागतो

असे जगात सगळीकडेच चालते, म्हणून खांदे उडवणारे पुष्कळ भेटतात. तसे नाही. १९९९ च्या अखेरीस जर्मनीत हेल्मुट कोल यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या गुप्त खात्यांचा बोभाटा झाला. सोळा वर्षे चॅन्सेलर राहिलेला, दोन जर्मनी एक करणारा हा नेता. सुमारे वीस लाख मार्कांच्या देणग्या आपण हिशेबाबाहेर घेतल्याचे त्यांनी मान्य केले, पण देणाऱ्यांना शब्द दिला आहे म्हणून नावे सांगायला नकार दिला. त्यातच हेसे राज्यशाखेने परदेशात दडवलेली माया बाहेर आली. पक्षाचा १९९८ चा हिशेब खोटा ठरला. जर्मन कायद्याप्रमाणे पक्षांना सरकारी अनुदान मिळते ते खऱ्या हिशेबाच्या अटीवर. फेब्रुवारी २००० मध्ये संसदेचे अध्यक्ष वुल्फगांग थिअर्झे यांनी पक्षाचे ४ कोटी १० लाख मार्कांचे अनुदान परत मागितले. पक्ष न्यायालयात गेला. २००४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने थिअर्झे यांचा निर्णय उचलून धरला. कायदा मागच्या तारखेने बदलला गेला नाही.

फ्रान्समध्ये २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत निकोला सार्कोझी यांच्या हिशेबात मर्यादेपेक्षा दोन टक्क्यांच्या आसपास जादा खर्च निघाला. दोनच टक्के! पण हिशेब नाकारला गेला आणि सरकारकडून मिळणारी सुमारे एक कोटी दहा लाख युरोंची भरपाई बुडाली. ते पैसे उभे करण्यासाठी पक्षाला समर्थकांपुढे झोळी पसरावी लागली. तिथले राजकारणी आपल्यापेक्षा सज्जन आहेत, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की शिक्षा व्यक्तीच्या अपात्रतेऐवजी पक्षाच्या तिजोरीला झाली, तर पक्षाचा खजिनदार रात्री जागा राहतो.

तलवार आहे, म्यानात आहे

आपल्याकडे असे काही होऊच शकत नाही का? होऊ शकते; झालेही आहे. निवडणूक चिन्हांच्या आदेशात शेषन यांच्या कारकिर्दीत, १९९४ मध्ये, १६-अ हे कलम आले. आयोगाचे कायदेशीर निर्देश न पाळणाऱ्या पक्षाची मान्यता त्याखाली निलंबित करता येते. मान्यता गेली म्हणजे राखीव चिन्ह धोक्यात आणि चिन्ह म्हणजे पक्षाचा प्राण. जून २०१५ मध्ये लोकसभा निवडणुकीचा खर्च सादर केला नाही म्हणून आयोगाने पी. ए. संगमा यांच्या नॅशनल पीपल्स पार्टीची मान्यता निलंबित केली. हिशेब दाखल झाला, निलंबन उठले. औषध लागू पडले! फक्त ते एका लहान पक्षाला पाजले गेले. एखाद्या मोठ्या राष्ट्रीय पक्षाची मान्यता खर्चाच्या हिशेबावरून गेल्याचे उदाहरण नाही.

आपल्या राज्यातही एक प्रयोग झाला आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने लेखापरीक्षण आणि प्राप्तिकराची कागदपत्रे न देणाऱ्या १९१ पक्षांची स्थानिक निवडणुकांपुरती नोंदणी रद्द केली. त्यात आमदार निवडून आलेला एमआयएमसारखा पक्षही होता. पुढच्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत तो पुन्हा रिंगणात दिसला. पण नोंदणी जाऊ शकते, हे राज्यातल्या प्रत्येक पक्षाच्या कार्यालयाला कळले.

इथे एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. ही तलवार कुणाच्या हातात असावी? काँग्रेसने २०१८-१९ या करनिर्धारण वर्षाचे विवरणपत्र मुदत टळून गेल्यावर भरले आणि दोन हजारांहून अधिकच्या रोख देणग्या घेतल्या, म्हणून प्राप्तिकर खात्याने तिची सुमारे १९९ कोटींच्या उत्पन्नावरची करमाफी नाकारली. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानेही तोच निर्णय कायम केला. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर यात गैर काही नाही. हीच ती शिक्षा, जी पक्षाच्या तिजोरीला लागते. पण वसुलीसाठी पक्षाची बँक खाती गोठवली गेली ती २०२४ च्या फेब्रुवारीत, लोकसभेच्या तोंडावर. आणि गोठवणारे खाते होते प्रतिस्पर्धी पक्षाच्या अर्थमंत्र्याच्या हाताखालचे. कायदा खरा असला तरी तो सूडासारखा दिसला. उद्या सरकार बदलले तर पात्रे बदलतील, नाटक तेच राहील. म्हणून पक्षांच्या हिशेबाची तपासणी प्राप्तिकर खात्याच्या मर्जीवर किंवा तपास यंत्रणांच्या वेळापत्रकावर सोडणे हे धोक्याचे आहे.

उपाय सांगणाऱ्या अहवालांची आपल्याकडे वाण नाही. जयप्रकाशांनी नेमलेली न्या. तारकुंडे समिती, १९९० ची दिनेश गोस्वामी समिती, १९९८ ची इंद्रजित गुप्ता समिती. २०१५ च्या विधी आयोगाच्या २५५ व्या अहवालात तर दंडाचे आकडेसुद्धा आहेत : हिशेब न देणाऱ्या पक्षाला दिवसाला पंचवीस हजार, नव्वद दिवसांनंतरही न दिल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद. करमाफी, आकाशवाणी-दूरदर्शनवरचा मोफत वेळ, राखीव चिन्ह, या सगळ्या सवलती जनतेने पक्षांना दिलेल्या आहेत. त्यांना हिशेबाची अट घालणे म्हणजे पक्षांवर उपकाराचे ओझे टाकणे नव्हे. दिल्या-घेतल्याची ती साधी पावती आहे. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा, प्रत्येक देणगीदाराचे नाव, आणि हे पाहायला सरकारच्या हुकमाबाहेरचे लेखापरीक्षक : यांतले काहीही अशक्य नाही. अडचण एकच आहे. हा कायदा करायचा कुणी, तर ज्यांच्यावर तो लागू होणार आहे त्यांनी. तळे राखील तो पाणी चाखील, हे आपल्याला ठाऊक आहे. पण राखणाऱ्यानेच तळ्याची हद्द ठरवायची म्हटल्यावर काय होणार?

म्हणून हा प्रश्न संसदेवर सोडून आपण स्वस्थ बसू शकत नाही. १९७४ ला आणि २०१८ ला जे घडले ते आपल्या दुर्लक्षाच्या भरवशावर घडले. त्या दुरुस्त्यांवरून एकही आमदार-खासदार निवडणूक हरला नाही. दारात मत मागायला येणाऱ्याला आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो, गल्लीतला दिवा विचारतो. 'तुमच्या पक्षाचा हिशेब आयोगाकडे गेला का? कुणाच्या पैशाने आलात?' हे कधी विचारतो का?

त्या खोलीतला वाद शेवटी मिटला. ऐंशी कप चहावर तडजोड झाली. पुतण्याने सही केली, वही काखेत मारली आणि तो निघाला. दारात क्षणभर थांबून त्याने विचारले, 'साहेब, मघाचं ते हेलिकॉप्टर कुणाच्या वहीत?' कर्मचारी हसला आणि म्हणाला, 'ते वरच्या वर गेलं हो.'